मधलं कुणी वाजवायचं

आमच्या बीड जिल्ह्यात मी ट्रम्पेट वाजवतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "कोणत्या बँडात?" आणि माझं डोकं फिरतं. बँडात नाही, ऑर्केस्ट्रात. वरातीपुढे घामाघूम होऊन चालत वाजवणारे वेगळे आणि स्टेजवर खुर्चीत बसून, पुढ्यात कागद ठेवून वाजवणारे वेगळे. हा फरक मी इतक्या लोकांना समजावून सांगितला आहे की आता मी सुरुवात केली की बायको स्वयंपाकघरात निघून जाते. समोरचा माणूस सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि उठताना म्हणतो, "मग आमच्या पुतण्याच्या लग्नाला या की वाजवायला."

मी मूळचा माजलगावच्या बाजूचा. घरी शेती, आणि धरणाचं पाणी मिळायला लागल्यापासून ऊस. साखर कारखान्यावर एकदा कसल्याशा कार्यक्रमाला शहरातून ऑर्केस्ट्रा आला होता. पहिल्याच गाण्याला मागच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला, त्यानं ट्रम्पेट ओठाला लावला आणि गाण्याच्या आधीचा तुकडा वाजवला. तोवर खुर्च्यांवरून भांडत असलेली सगळी गर्दी गप्प झाली. तुकडा संपला, तो माणूस खाली बसला आणि गायिका पुढे आली. मी तेव्हा अकरावीत नापास होऊन घरी बसलो होतो. आपल्याला हेच करायचं, असं त्या दिवशी ठरवलं. वडिलांनी विचारलं, "त्यानं काय व्हईल?" याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही.

माजलगावच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, एका बँड पार्टीचं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी मला फुंकायला शिकवलं. गाल फुगवायचे नाहीत, वारा पोटातून सोडायचा, ओठ घट्ट पण दुखेपर्यंत नाही. वर्षभरानं ते म्हणाले, आता लग्नसराईत माझ्यासोबत चल. मी दोन लग्नं कशीबशी निभावली, चाल मास्तर वाजवायचे आणि मी मागून नुसता सूर धरायचो. धूळ, फटाके, एकच गाणं सात वेळा वाजवायला लावणारे नवरदेवाचे मित्र, आणि त्यातला एक तर माझ्या ट्रम्पेटच्या तोंडात फुलं कोंबून गेला. तिसऱ्या लग्नाला मी गेलोच नाही. पुढे ऑर्केस्ट्रात जागा मिळाल्यावर मास्तरांना पेढे द्यायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. तुला बसून वाजवायला मिळंल."

ऑर्केस्ट्रात ट्रम्पेटवाल्याचं काम काय असतं ते सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं आम्ही गाणं वाजवतो. गाणं गायक गातो. आमचे असतात ते पीस. गाणं सुरू होण्याआधीचा एक तुकडा, मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला एक, पुढच्या अंतऱ्याच्या आधीचा एक. आपला तुकडा झाला की ट्रम्पेट गुडघ्यावर उतरवायचा आणि मनात बार मोजत बसायचं. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक घेर. आठ बार, सोळा बार, जे असेल ते. मोजणी संपायच्या अर्धा ठोका आधी श्वास भरायचा आणि बरोबर जागेवर पडायचं. ऐकणाऱ्याला वाटतं तुकडा वाजवणं अवघड. तुकडा सोपा असतो. गप्प बसणं अवघड असतं.

हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. तालमीत गायक गात होता आणि माझ्या बोटांना राहवेना म्हणून मी त्याच्या मागून हळूच तीच चाल वाजवली. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी हात वर करून सगळं थांबवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "गानं गायकाचं हाय बे. तू तुझे पीस वाजव." माझे कान लाल झाले. पण ते वाक्य मी गुरूचा शब्द मानून गाठीला बांधलं. त्यानंतर वीसेक वर्षांत गायक गात असताना माझा ट्रम्पेट कधी गुडघ्यावरून हलला नाही. गायक बदलले, तबलावाले बदलले, मालकांचे केस पिकले, पण माझी एंट्री कधी चुकली नाही. आमच्याकडे नवीन आलेल्यांना मला दाखवून सांगत, मोजायचं कसं ते यांच्याकडून शिका.

मग कीबोर्ड आला. म्हणजे तो आधीही होता, पण या नव्यात ट्रम्पेटच्या आवाजाचं बटण होतं. बटण दाबलं की पिपाणीसारखा एक आवाज निघायचा, त्याला ते लोक ट्रम्पेट म्हणायचे. गाडीत जागा कमी पडते म्हणून छोट्या कार्यक्रमांना मला घरी ठेवायला लागले, मग मोठ्यांनाही. शेवटचा फोन मालकांचा नव्हताच, कीबोर्डवाल्याचा होता. त्यानं मला माझेच तुकडे कागदावर उतरवून मागितले. मी दिले. का दिले याचा विचार करून मी आजही स्वतःवर चिडतो. माझ्या ओठांच्या जागी एक बटण बसलं आणि त्या बटणाला शिकवायचं कामही मीच केलं.

बीडच्या एका खासगी शाळेनं मला बँड शिकवायला ठेवून घेतलं. बँड हा शब्द इथेही माझ्या मागे आलाच. शाळेत हा विषय क्रीडा विभागाकडे होता. म्हणजे माझा वरिष्ठ खो-खो शिकवायचा. संस्थाचालक पहिल्या दिवशी वाद्यांच्या खोलीत आले, एक ट्रम्पेट उलटा धरून बघितला आणि विचारलं, हे किती दिवसांत वाजायला लागतं? मी म्हणालो, दोन वर्षं. ते म्हणाले, पंधरा ऑगस्टपर्यंत करा.

केलं. सहा ट्रम्पेट, चार ढोल, दोन झांजा. आमचा खरा उपयोग मात्र झेंड्याला नव्हता, पुढाऱ्यांना होता. कोणी पाहुणा येणार म्हटलं की पोरांना गणवेशात फाटकाशी उभं करायचं. एकदा उन्हात दोन तास उभं केलं. मी पोरांना सांगितलं होतं, ओठ जिभेने ओले ठेवा, पाणी थोडं थोडं प्या. शेवटी गाड्या आल्या, पोरांनी जीव तोडून सलामी वाजवली आणि गाडी काच न उतरवता आत गेली. संस्थाचालक नंतर मला म्हणाले, आवाज जरा बारीक पडला का? मी त्यांना काही बोललो नाही. घरी येऊन बायकोला मात्र पुष्कळ बोललो, तिचा काही संबंध नसताना.

या सगळ्यात मला ती मुलगी मिळाली. आठवीत होती. गाव चकलांबा, आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, म्हणून ही शिकायला बीडजवळच्या पालीत मावशीकडे ठेवलेली. वाद्यं वाटताना मुलींना झांजा द्यायच्या अशी शाळेची पद्धत. ही झांज हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मला ते पायजे." बोट ट्रम्पेटकडे. मी म्हटलं फुंकून दाखव. पहिल्यांदा फुंकणाऱ्याचा बहुधा नुसता वारा जातो, नाहीतर म्हैस हंबरल्यासारखं काहीतरी निघतं. हिचा सूर निघाला. बारीक, थरथरता, पण सूर. मी पुन्हा फुंकायला लावलं, कारण माझा विश्वास बसेना.

पुढची सहा वर्षं ती माझ्याकडे शिकली. शाळा सुटली तरी येत राहिली. घराजवळ वाजवलं की शेजारी ओरडायचे, म्हणून आम्ही सकाळी पालीजवळ बिंदुसरेच्या धरणाकडे जायचो. मी मोटारसायकलवर, ती मावशीकडून चालत. तिथे कोणी ओरडायला नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं कोणीतरी मिळालं होतं जे मी सांगेन ते सांगेन तसं करत होतं, आणि त्याचा मला माज चढला होता, हे आता लिहिताना कळतं.

बारावीनंतर तिला कुठूनतरी कळलं की पोलिसांच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांची भरती होते आणि मुलींनाही घेतात. तिनं अर्ज भरला. त्याच सुमारास तिचे वडील मला भेटायला शाळेत आले. उन्हानं काळवंडलेला, कमी बोलणारा माणूस. खुर्ची दिली तरी आधी उभेच राहिले. मग बसून त्यांनी जे सांगितलं ते असं: एक स्थळ आलं होतं, मुलगा ऊसतोडीलाच जाणारा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे मुलाला बायको मिळाल्याशिवाय कोयता पुरा होत नाही, म्हणून समोरची माणसं घाई करत होती. पोरगी नको म्हणत होती. "ही एक भरती मी तिला दिली हाय, सर. लागली तर लागली. पोरगी चुकली तर दिवाळीनंतर तिचं लगीन, आन् नेईन तिला तिकडंच ऊसतोडीला." मग त्यांनी मला विचारलं, लागेल का? मी छाती पुढे काढून म्हणालो, तिला मी शिकवलंय.

धावणं, उड्या, कागदपत्रं सगळं तिनं पार पाडलं. उरली वाद्याची चाचणी. तिथे आधी सरगम घेतात, मग कागदावरचं वाचून वाजवायला लावतात आणि शेवटी तुमच्या आवडीचं एक गाणं वाजवायला सांगतात, एवढं आम्हाला समजलं होतं. गाणं मी निवडलं. जुनं हिंदी सिनेमातलं, ज्याच्या सुरुवातीचा ट्रम्पेटचा तुकडा ऐकला की रस्त्यानं जाणारा माणूस थबकतो. मी तो शेकडो वेळा वाजवला होता आणि माझ्याइतका कोणी वाजवत नाही असं माझं मत होतं. चार महिने आम्ही ते घोटलं. सुरुवातीचा तुकडा, मग सोळा बार ट्रम्पेट खाली, मग मधला तुकडा, पुन्हा मोजणी, मग शेवटचा. बार मोजताना मी तिला पायाचा अंगठाही हलवू द्यायचो नाही.

एका सकाळी मी धरणावर पोचायच्या आधीच ती वाजवत बसली होती. लांबून ऐकू आलं. सुरुवातीचा तुकडा झाला आणि ती थांबली नाही, पुढचा मुखडाही तिनं वाजवायला घेतला. गायकाची ओळ. सूर सगळे बरोबर लागत होते, दम मधेच कुठेतरी तुटत होता. मी मोटारसायकल उभी केली आणि तिथूनच ओरडलो. हे काय चाललंय? वरात आहे का? गाणं धोपटायचं असेल तर जा एखाद्या बँड पार्टीत. ती उठून उभी राहिली. म्हणाली, "सर, नुसतं बगत व्हते." मी म्हणालो, बघायचं नाही. परत असं ऐकू आलं तर शिकवणार नाही. तिनं परत कधी तसं केलं नाही.

चाचणीच्या दिवशी मी आणि तिचे वडील दोघेही तिच्यासोबत गेलो. मैदानाच्या एका बाजूला बैठी इमारत होती, तिथल्या एका खोलीत एकेकाला बोलावत होते. बाहेरच्यांना भिंतीजवळच्या लिंबाखाली थांबायला सांगितलं होतं. खिडकी उघडी असल्यामुळे आतलं वाजवणं ऐकू यायचं. तिच्या आधी जो आत गेला तो वरातीत वाजवणारा, हे पहिल्या फुंकेतच कळलं. आवाज मोठा, काठ खरखरीत. त्यानं कसलं तरी लग्नातलं गाणं घेतलं आणि मुखड्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवलं. ना सुरुवातीचा तुकडा, ना मधले, ना कुठे थांबणं. मी तिच्या वडिलांकडे वळून म्हणालो, बघा, याला म्हणतात वरात. असल्यांमुळे आपल्या पोरीचं वेगळं उठून दिसेल. त्यांनी मान हलवली. त्यांना त्यातलं काही कळत नाही असं मला वाटलं.

मग ती आत गेली. सरगम आली, स्वच्छ. कागदावरचं आलं, एका जागी अडखळलं पण आलं. मग जरा शांतता, आणि आमच्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा. मी आजवर जेवढ्या वेळा तो वाजवला असेन त्यातल्या कुठल्याही वेळेपेक्षा तिनं तो चांगला वाजवला. लिंबाखाली बसलेली पोरं मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागली. तुकडा संपला, ती थांबली. मी डोळे मिटले आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. माझी बोटं मांडीवर ठोके धरत होती. आतून काहीच आवाज येत नव्हता आणि ते बरोबर होतं. आत कोणीतरी काहीतरी बोललं, मी लक्ष दिलं नाही. चौदा, पंधरा, सोळा, आणि बरोबर जागेवर मधला तुकडा पडला. केसाएवढाही फरक नाही. मी डोळे उघडले आणि तिच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, झालं. लागली तुमची पोरगी.

त्यांनी माझा हात धरला. दोन्ही हातांनी.

नंतर मात्र आतून शेवटचा तुकडा ऐकू आलाच नाही. थोडं बोलणं, मग मुखड्याच्या ओळीचे काही सूर, तुटक, मग पुन्हा बोलणं. मी म्हटलं, साहेब लोक खूश होऊन काही विचारत असतील. ती बाहेर आली. ट्रम्पेट पिशवीत न घालता तसाच हातात होता. आमच्यासमोर येऊन उभी राहिली आणि काय झालं ते तिनं एका दमात सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाबद्दल सांगत होती. सुरुवातीचा तुकडा ऐकून साहेबांनी माना डोलावल्या. मग तिनं ट्रम्पेट खाली घेतला. साहेब थांबले, थोडा वेळ वाट बघितली. एकानं विचारलं, पुढचं विसरलीस का? ती बोलली नाही, कारण ती मोजत होती. मधला तुकडा वाजवून ती पुन्हा थांबली तेव्हा त्यांनी परत विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं की विसरले नाही, तिथे गायक असतो.

"मंग त्ये म्हनले, इथं कुठं हाय गायक? बँडात मधलं कुनी वाजवायचं?"

त्यांनी तिला चांगली संधी दिली. हसले नाहीत, घालवून दिलं नाही. म्हणाले, बरं, मुखडा वाजव, तेवढाच वाजव. तिनं प्रयत्न केला. सूर सापडत होते, पण श्वास कुठे घ्यायचा ते माहीत नसल्यामुळे प्रत्येक ओळ मधेच तुटत होती. मग ते म्हणाले, ठीक आहे, जा.

मला सुरुवातीला तिचाच राग आला. अगदी खरं लिहितो. एवढं साधं तुला कळू नये का, असं तोंडापर्यंत आलं होतं. मग तिचे वडील माझ्याकडे वळले. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. त्यांनी विचारलं, "सर, चुकली का ही?"

उत्तर तयार होतं. घाबरली, म्हणायचं. पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर वाजवलं, घाबरली, पोरीची जात. आयुष्यभर माझ्याकडे असं एक उत्तर तयारच असायचं. मालकांनी घालवलं, बटणानं घालवलं, संस्थाचालकांना कळत नाही, लोकांना फरक समजत नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला धरणावरची ती सकाळ आठवत असणार हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ती ते वडिलांना सांगणार नव्हती हेही दिसत होतं. मी घाबरली म्हणालो असतो तरी ती मुकाट्यानं होय म्हणाली असती.

मी म्हणालो, "नाही. तिला शिकवलं तसंच तिनं वाजवलं. मीच चुकीचं शिकवलं. ती स्वतःहून बरोबर वाजवायला लागली होती, तर मी रागावलो."

लिंबाखालची पोरं ऐकत होती. तिच्या वडिलांनी एकदा माझ्याकडे, एकदा पोरीकडे बघितलं. मग खिडकीकडे हात करून विचारलं, "मगा त्यो वरातीवाला वाजवत व्हता, तसं पायजे व्हतं?" मी हो म्हणालो. "मंग तुमी कावून न्हाई शिकवलं?"

"मला येत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. बोलेपर्यंत मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. शेकडो वेळा मी त्या गाण्यात बसलो होतो, गायकापासून चार हातांवर, आणि ते गाणं मी एकदाही वाजवलेलं नव्हतं. नुसते त्याचे काठ वाजवले होते. माझ्या त्या म्हाताऱ्या मास्तरांना, ज्यांच्याकडे मी पाठ फिरवली, त्यांना येत होतं. मघाच्या त्या खरखरीत आवाजाच्या माणसाला येत होतं. वरातीत नाचणाऱ्यांना गायक नसतो, म्हणून ट्रम्पेटलाच गायक व्हावं लागतं, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्याच्या पोरीचं नुकसान करून कळली. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला समोर मी सोडून कोणी नव्हतं.

तिच्या वडिलांनी पोरीच्या हातातली पिशवी घेतली आणि ट्रम्पेट आत घालायला तिला मदत केली. त्यांना तो कसा धरायचा ते माहीत नव्हतं, दोन्ही हातांनी तान्हं पोर धरतात तसा धरला होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी म्हनलो व्हतो, पोरगी चुकली तर नेईन. पोरगी तर चुकली न्हाई. मंग तिला कावून नेऊ?" पिशवी तिच्या खांद्याला अडकवत म्हणाले, "पुडल्या भरतीपस्तोर शिकवा."

मी म्हणालो, अहो, आत्ताच सांगितलं ना, मला ते येत नाही.

"मंग शिका की," ते म्हणाले.

यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. वरातीत वाजवणाऱ्या त्या माणसाचं होतं की नाही ते मी बघितलं नाही, बघायची हिंमत झाली नाही. स्थळाकडच्या माणसांना काय सांगून परत पाठवलं ते तिच्या वडिलांनी मला सांगितलं नाही. दिवाळी झाली, ट्रक आला, आईवडील ऊसतोडीला गेले. ती पालीतच राहिली.

आम्ही पुन्हा धरणावर जातो. गाणं तेच. आता ती गाते आणि मी वाजवतो, कारण श्वास कुठे घ्यायचा ते शब्दांवरून कळतं आणि शब्द कुठे संपतात ते मला इतक्या वर्षांत कधी ऐकावंसं वाटलंच नाही, मी मोजत होतो. ती ओळ गाते, ओळीच्या शेवटी हात वर करते, तिथेच मला श्वास घ्यायची परवानगी. माझा दम त्याच्या आधीच संपतो. तोकडे तुकडे वाजवून वाजवून छातीला तेवढीच सवय झाली आहे. मुखड्याच्या दोन ओळी येतात, तिसरीत मी हमखास तुटतो. मग ती गायचं थांबवते आणि म्हणते, "सर, परत पयल्यापासून." तिच्या आवाजात दया नसते, मी जसा तिच्याशी बोलायचो तसंच ती बोलते. मला भयंकर राग येतो. ट्रम्पेट बिंदुसरेत फेकून द्यावासा वाटतो. पुढची भरती कधी निघेल ते कोणालाच माहीत नाही, आणि ती निघेपर्यंत मला हे गाणं येऊन तिला शिकवून झालं पाहिजे. मी ओठ पुसतो आणि पहिल्यापासून वाजवतो.